पाठमोरा सूर

लग्नसराई आली की आबा चिडके होतात, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोटं नाही. वैशाखात धुळ्यातल्या आमच्या गल्लीतून दिवसाला दोन वराती तरी जातात. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचलेले असतात, खिडकीची तावदानं थरथरतात, फडताळातल्या वाट्या एकमेकींवर वाजतात आणि मी दार लावून आत बसतो. परवा सून म्हणाली, "आबा, तुम्ही तर स्वतः बँडवाले. तुम्हालाच आवाज खपेना?" तिला काय सांगू! आवाजावर माझा राग नाही. होऊ दे हवा तेवढा. नवरदेवाच्या घोड्यापुढे आता कुणी उलटं चालताना दिसत नाही, ते मला सलतं. आणि मला ते सलायचा हक्क तरी आहे का, हा प्रश्न त्याहून जास्त सलतो.

त्यात यंदा शेजारच्या इंजिनिअर पोरानं भर घातली. "आबा, तुमचं वाद्य ऐका," म्हणून त्यानं माझ्या दोन्ही कानांत त्याची ती बोंडं खुपसली. अमेरिकेतली मैफल होती, लोकांसमोर वाजवलेली, जशीच्या तशी धरून ठेवलेली. जॅझ म्हणतात त्याला. दोन सॅक्सोफोनवाले. टाळ्या, कुणाचा तरी खोकला, मागे कुठे पेला ठेवल्याचा आवाज. एक माणूस माझ्या डाव्या कानात वाजवत होता, दुसरा उजव्या. एक थांबला की दुसरा त्याच्या शेवटच्या सुरावरून उचलायचा. मी सहज उजव्या कानातलं बोंड काढलं, तर एक माणूस गेला. नुसता गेला, त्या मैफलीला आलाच नव्हता असा. पुन्हा घातलं, आला. पोरगा माझा चेहरा बघून हसला. मी त्याचं यंत्र त्याला परत दिलं आणि आत जाऊन पाणी प्यालो.

गोष्ट जुनी, स्वातंत्र्य मिळून तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. आमचा बँड जळगावचा, पण सराईत आमचा पत्ता म्हणजे एसटीचा टप. आज यावल, उद्या शिरपूर, परवा धुळे. ढोल टपावर, आम्ही खाली, आणि माझा सॅक्सोफोन मांडीवर ओल्या पंच्यात गुंडाळलेला, कारण खानदेशातल्या वैशाखात पितळ उघडं ठेवलं तर त्याला बोट लावायची सोय राहत नाही. पंचा वाळला की पुन्हा भिजवायचा. अंगात जाड लोकरी बनातीचा लाल कोट, गळ्यापर्यंत बटणं. बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत बनात घालून चालायची ज्याची कल्पना होती त्या माणसाला मी अजून शोधतो आहे. यावलकडच्या लग्नांत एक सुख असायचं. केळीच्या बागेतून जाताना पानाचा तुकडा फाडून टोपीत घालायचा. पहिला अर्धा तास डोकं गार राहायचं. मग पान शिजायचं आणि घामाबरोबर त्याचा हिरवा वास कपाळावरून खाली यायचा. आजही केळीच्या पानावर कुणी गरम भात वाढला की मला जेवण दिसत नाही, वरात दिसते.

गावातले लोक आमच्या वाद्याला चिलीम म्हणत. "मोठी चिलीमवाला कोन शे?" अशी चौकशी व्हायची आणि उत्तर ठरलेलं असायचं, हमीदमास्तर. मी दुसरा चिलीमवाला. बँडमध्ये सॅक्सोफोन दोन, हमीदमास्तरांचा आणि माझा. मी मूळ नशिराबादचा, सनईवाल्यांच्या घरातला, सातवी पास. मास्तर जळगावातले, जातीचे पिंजारी, पावसाळ्यात लोकांच्या गाद्या भरायचे आणि सराईत बँड चालवायचे. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. पान खायचे नाहीत, विडी ओढायचे नाहीत. दात जपायचे. "बाबू," ते मला सांगायचे, "सूर फुंकरीत नसतो रे. फुंकर तर लोहाराच्या भात्यालाही असते. सूर या वरच्या दोन दातांत असतो. दात वाद्यावर टेकला की हाड वाजतं. प्रत्येकाचं हाड वेगळं." मला तेव्हा ते थोतांड वाटायचं.

आमच्या बँडची एक रीत होती आणि ती मास्तरांनीच पाडली होती. मास्तर वरातीच्या पुढे उलटे चालायचे. तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे. वादकांची बोटं, डोळे, दम सगळं त्यांना समोर दिसायला हवं असायचं. गाव पाठीमागे राहिलं तरी त्यांना चालत होतं. पण उलट्या चालणाऱ्या माणसाला रस्ता कुणी दाखवायचा? तर मी. माझी जागा पहिल्या रांगेत मधोमध, त्यांच्या बरोबर समोर. ज्या बाजूची माझी भुवई वर जाईल त्या बाजूला ते सरकायचे. दोन्ही भुवया वर म्हणजे वळा, पाठीमागे काही तरी आहे, गटार, बैलगाडी, आडवा झालेला म्हातारा. आणि डोळे एकदा मिटून उघडले म्हणजे सगळं ठीक, चला. आठ सराया ते माझ्या भुवयांवर चालले. शिरपूरच्या बाजारातल्या दगडी उतारावर चालले, यावलच्या चिखलातून चालले, एकदाही त्यांनी मान वळवून बघितलं नाही. बघणारे थक्क व्हायचे. "त्याना पाठले डोया शेतस!" बायका एकमेकींना सांगायच्या. ते डोळे पाठीला नव्हते, माझ्या तोंडावर होते, हे कुणाला कळण्याचं कारण नव्हतं.

आणि वाजवण्यातही तसंच. मास्तरांचा दम संपत आला की ते वाद्याचं तोंड जरासं माझ्याकडे उचलायचे. मी तिथून सूर धरायचा, ते श्वास घेईपर्यंत धरून ठेवायचा, आणि ते आले की सोडून द्यायचा. मध्ये फट पडता कामा नये. ऐकणाऱ्याला वाटायचं एकच माणूस न थांबता वाजवतोय. "काय वाजाडस हाऊ मानूस, दमच घेत नाही!" असं म्हातारे म्हणायचे आणि मास्तरांच्या पाठीवर थाप पडायची. माझ्या पाठीवर पडायची नाही. कशी पडणार? मी म्हणजे मास्तरांचा श्वास. श्वासाला कोण शाबासकी देतं!

मी हे आज समजूतदारपणे लिहितोय. तेव्हा मी समजूतदार नव्हतो. तेव्हा मी जळत होतो. हे स्पष्टच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. मी पंचविशीत होतो, माझी बोटं त्यांच्याहून जलद चालायची, आणि ज्या माणसानं मला वाद्याच्या तोंडातली वेताची पत्ती ओली करायला शिकवलं त्याच्याचमुळे माझा आवाज कुणाच्या कानावर जात नव्हता, असं मला पक्कं वाटायचं.

त्या वर्षीचा वैशाख कडू होता. कडुनिंबाचा मोहोर उशिरा गळाला म्हणून असेल, मांडवात, पाण्याच्या रांजणात, पत्रावळीवर, सगळीकडे त्याचा चुरा. यावलच्या स्टँडवर दुपारी आम्ही बसची वाट बघत होतो. बाकीचे झाडाखाली लवंडले होते. मास्तरांनी मला बाजूला बोलावलं, खालचा ओठ ओढला, वरचा उचलला आणि बोटानं पुढचा दात हलवून दाखवला. दात हलला. त्याच्या शेजारचाही हलला.

"डॉक्टर म्हणतो, हिरड्या गेल्या. वरचे चारही काढायचे."

"मग?"

"मग काय. गाद्या भरायच्या." ते हसले. "त्याला म्हटलं, सराई होऊ दे. आषाढात काढ."

मला काय वाटलं? वाईट वाटलं, हे खरं. आणि त्या वाइटाच्या तळाशी, ओल्या कापडाखाली पितळ तापतं तसं, आणखी काही तरी तापत होतं, तेही खरं. पुढच्या सराईत पहिला चिलीमवाला मी, हा हिशोब माझ्या डोक्यानं मला न विचारता करून टाकला. बस आली. मी मास्तरांची पेटी उचलून टपावर दिली. तोंडावर दुःख होतंच.

त्यांची मुलगी नसीम तेव्हा तीन वर्षांची. मोठ्या खटाटोपानं झालेली, एकुलती एक. बापाच्या वाद्याला ती भ्यायची, ते पेटीतून काढलं की आईच्या मागे लपायची. मास्तरांना त्याचं फार वाईट वाटायचं.

धुळ्यातल्या एका कापसाच्या जिनवाल्यांच्या घरी मुलीचं लग्न होतं. नवरीचा भाऊ वसंतभाऊ मुंबईहून आला होता आणि येताना मित्राचं टेपचं यंत्र घेऊन आला होता, दोन मोठ्या फिरक्यांचं, एका ट्रंकेएवढं. आम्ही आदल्या दिवशी पोचलो तर त्यानं आम्हा दोघांना दिवाणखान्यात बोलावलं. वाळ्याचे पडदे ओले केलेले, आत अंधार आणि गारवा. आधी त्यानं ग्रामोफोनवर एक तबकडी लावली. ती मी आयुष्यात ऐकलेली पहिली जॅझ. दोन सॅक्सोफोन, लोकांसमोर, कुठल्याशा मोठ्या दिवाणखान्यात. मला धड काही कळलं नाही, नुसता गलका वाटला. मास्तर मात्र मान खाली घालून ऐकत बसले. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लावा."

दुसऱ्यांदा संपल्यावर ते मला म्हणाले, "पहिला जाड हाडाचा आहे. दुसरा तरणा. दुसरा पहिल्यावर जळतोय, बघ. पण सूर सोडत नाही. पहिल्याला माहीत आहे तो जळतोय ते, म्हणून तो त्याला जागा करून देतोय."

मी म्हटलं, "कशावरून?"

"ऐकू येतंय की."

वसंतभाऊ खूष झाला. म्हणाला, "मास्तर, उद्या वऱ्हाड मांडवात आलं की असंच तुमचं दोघांचं धरून ठेवतो. लोकांसमोर, टाळ्यांसकट. मुंबईत रेकॉर्डवाल्यांना ऐकवतो. निघाली तबकडी तर निघाली."

बाहेर आल्यावर मास्तर ओसरीच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, "तबकडी निघो न निघो. त्या फिरक्या राहिल्या तरी पुष्कळ. नसीमला कळायला पाहिजे रे, की बाप नुसत्या गाद्या भरत नव्हता." त्यांनी एवढंच मागितलं. माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही, पण ऐकणारा मी एकटा होतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत मांडव भरला. वऱ्हाडी टेकले, बायकांनी लहान पोरं मांडीवर घेतली, पाणी शिंपडलेल्या मातीचा वास होता. चौथऱ्याच्या पुढच्या कडेला मायक्रोफोन उभा केला होता, एकच. वसंतभाऊ बाजूच्या खोलीत यंत्रापाशी, कानाला यंत्र लावून. दाराच्या चौकटीतून त्याचं तोंड मला दिसत होतं. मास्तर चौथऱ्यावर चढले आणि जसे रोज उभे राहायचे तसे उभे राहिले. तोंड आमच्याकडे, पाठ मांडवाकडे. पाठ मायक्रोफोनकडे. त्यांच्या वाद्याचं तोंड माझ्या छातीवर रोखलेलं आणि माझ्या वाद्याचं तोंड त्यांच्या खांद्यावरून थेट त्या मायक्रोफोनवर.

आम्हाला कुणालाच यात काही चूक दिसली नाही. मायक्रोफोन म्हणजे मंगलाष्टकं म्हणायला भटजी तोंडाशी धरतात ते, एवढंच आमचं ज्ञान. वाद्य कुठेही फिरवलं तरी गावभर ऐकू जातं, मग या नळीला का जाणार नाही! मास्तरांनी डोळ्यांनी विचारलं, ठीक? मी डोळे मिटून उघडले. ठीक. आणि त्यांनी सुरुवात केली.

काय वाजवलं त्यांनी त्या दिवशी! हलत्या दातांनी माणूस वाजवत होता, वरचा ओठ आत दुमडून दाताखाली उशी केली होती, आणि दर दोन ओळींनी डोळ्यांच्या कडांत पाणी यायचं. पण सूर असा निघत होता की ढोलवाल्यानं काठी हळू केली. मी त्यांच्या समोर तीन हातांवर होतो. तो सूर माझ्या छातीवर येऊन आदळत होता. जगात तो नीट ऐकणारा त्या घडीला मी एकटाच होतो, हे मला थोड्याच वेळानं कळणार होतं.

पहिली चीज निम्मी झाली असेल. वसंतभाऊ दारात उभा राहिला. पुढे येणं त्याला शक्य नव्हतं, मध्ये बायका दाटून बसलेल्या, आणि यंत्र फिरत होतं. त्यानं माझ्याकडे बघून मास्तरांच्या पाठीकडे बोट केलं, मग तळहात उलटा करून दाखवला. पुन्हा एकदा. वळवा. त्यांना इकडे वळवा. आवाज येत नाहीये.

मला कळलं. लख्ख कळलं. दोन्ही भुवया वर करायच्या होत्या फक्त. आठ वर्षांत हजारदा केल्या होत्या, गाढवासाठी केल्या होत्या, रस्त्यातल्या शेणासाठी केल्या होत्या. मास्तरांनी माझी नजर त्यांच्या खांद्यापलीकडे गेलेली बघितली आणि वाजवता वाजवता डोळ्यांनी विचारलं, काय आहे?

मी डोळे मिटले आणि उघडले. ठीक आहे. चला.

आणि ते चालले. म्हणजे वाजवत राहिले, पाठमोरे, चाळीस मिनिटं. दम सरला की वाद्य माझ्याकडे उचलत होते आणि मी सूर धरत होतो. त्या दिवशी मी तो लगेच परत केला नाही. एकदा लांबवला, दोनदा लांबवला. ते हसले डोळ्यांनी आणि मला जागा करून दिली. मग मी वाजवलं. मी चांगलं वाजवलं, हे सांगायला मला लाज वाटते, पण खरंच चांगलं वाजवलं.

नंतर वसंतभाऊनं विचारलं, "तुम्ही माझ्याकडे बघत होतात ना? मी खूण केली."

"डोळ्यांत घाम गेला होता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात चहा आला आणि टेप लावली. मास्तर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. आधी पोरांचा गलका, भांड्याचा आवाज, मग ढोल, आणि मग मी. केवढा मी! भिंतींना लागून परत येत होतो. घरातल्या नोकरमाणसांनीसुद्धा माझ्याकडे वळून बघितलं. मी मान खाली घातली, ती विनयानं घातली असं सगळ्यांना वाटलं.

मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा बाबू. मी कुठाय?"

वसंतभाऊ ओशाळला. "आहात मास्तर. मागे आहात. नीट ऐका... ते बघा."

होतं काही तरी. दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी घरी दुसरी वरात चालल्यासारखं. मास्तर उठले, यंत्राच्या स्पीकरवरच्या कापडाला कान लावला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते यंत्राच्या पाठीमागे गेले आणि तिथं वाकून उभे राहिले. आपण पाठ करून उभे होतो तर आपला आवाज यंत्राच्या पाठीला असेल, असा त्यांचा हिशोब. यंत्राच्या मागच्या लाकडी फळीला कान लावून ते चाळिशी गाठलेले गृहस्थ तसे वाकून राहिले आणि खोलीत कुणीतरी फसकन हसलं. हसणाऱ्याला मी दोष देत नाही. मी ज्याला दोष देतो तो चहाच्या बशीत बघत बसला होता.

ते परत जागेवर येऊन बसले. "चूक माझीच," म्हणाले. "साऱ्या दुनियेला पाठ दाखवत आलो, याला पण दाखवली."

वसंतभाऊ म्हणाला, दुपारच्या गाडीनं मला निघायचंय, यंत्र परत द्यायचंय. एवढं म्हणून तो थांबला. दुपारला तीन तास होते. वाद्यं ओसरीवर होती. "अर्धा तास पुन्हा बसू की," हे पाच शब्द कुणीतरी म्हणायला हवे होते आणि मास्तर ते स्वतःसाठी कधीच म्हणणार नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मास्तर, शिरपूरची बस चुकेल." बस चुकली असती तर मागून दुसरी होती.

वसंतभाऊला वाईट वाटलं असावं. मुंबईला कुणाला काही ऐकवलं नाही त्यानं, ती फिरकीच मास्तरांना देऊन टाकली. मास्तरांनी ती पंच्यात गुंडाळली. ज्यावर वाजवायची ते यंत्र जळगावात त्यांच्या ओळखीत कुणाकडे नव्हतं. आषाढात त्यांनी चारही दात काढले.

पुढच्या सराईत पहिला चिलीमवाला मी झालो. रीत म्हणून उलटा चालायला गेलो आणि नशिराबादलाच, माझ्या स्वतःच्या गावात, पाण्याच्या पाटात बसलो, कोटासकट. समोरचा नवा गडी बोटांकडे बघत होता, त्याला भुवया हलवायचं सुचलंच नाही. "बठ्ठा बँड कोरडा नि मास्तर वला!" एका नानांनी आरोळी दिली आणि गाव लोटपोट झालं. मीही हसलो. दोन सराया कशाबशा काढल्या. सूर लागेना. पत्ती बदलली, पट्टी बदलली, शेवटी वाद्य विकून एसटीत कारकून झालो आणि धुळ्याला आलो. लोक विचारत, एवढं चांगलं वाजवायचात, सोडलंत का? मी म्हणायचो, संसार. लोकांना ते उत्तर नेहमी पुरतं.

मास्तरांकडे जात राहिलो. ईदेला, कधी कामानं जळगावला गेलो की. ते गाद्या भरत असायचे, मिशीत आणि भुवयांत कापूस. मला बघून दात नसलेलं मोकळं हसायचे. कित्येकदा ओठांवर आलं की सांगून टाकावं. पण सांगून हलकं मी होणार आणि भार त्यांच्यावर पडणार. निदान मी स्वतःला तसं समजावलं. भेकडाला कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ते गेले तेव्हा मी जनाज्याला खांदा दिला. माती दिली. बसनं परत आलो.

यंदा, सराईच्या तोंडावर, नसीमचा फोन आला. आता साठीकडे आलेली बाई, जळगावातल्या शाळेत मास्तरीण होती, नातवंडंवाली. म्हणाली, "बाबूकाका, अब्बांच्या जुन्या सामानात ती टेप निघाली. मुलानं मुंबईहून साफ करून आणलीय. तुमच्याशिवाय कुणाबरोबर ऐकू?" मी तब्येतीचं निमित्त सांगणार होतो. तोंडातून मात्र "येतो" असंच निघालं. पारोळा, एरंडोल करत बस गेली, बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता.

तिनं शीरखुर्मा केला होता, माझ्यासाठी, ईद नसताना. मुलगा, सून, नातवंडं सगळी गालिच्यावर बसली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि यंत्र लावलं. पोरांचा गलका. भांड्याचा आवाज. ढोल. आणि मग तो मोठा, भिंतीला लागणारा आवाज.

नसीमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अब्बा," ती म्हणाली.

तिनं नातीला जवळ ओढलं. "ऐक, हे तुझे पणजोबा." पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. नसीम रडत होती आणि रडता रडता हसत होती. साठ वर्षांची बाई तीन वर्षांची असताना ज्या वाद्याला भ्यायची, त्याच्याजवळ सरकून बसली होती. आणि वाजवत मी होतो. अब्बा दोन गल्ल्या पलीकडे होते, मान जरा तिरकी केली तर ऐकू येत होते, पण ती मान तिरकी करणारं त्या घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"आणि हे मागे बारीक आहे, ते तुम्ही ना काका?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आता बोलायचं होतं. आता बोलायचं नव्हतं तर मग कधी? बोललो असतो तर तिच्या हातातून बाप काढून घेतला असता आणि त्या बदल्यात तिला काय दिलं असतं? खरखर.

"हो," मी म्हटलं.

नसीमनं डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला. "अब्बा नेहमी म्हणायचे, बाबूनं आयुष्यात कधी पुढं पुढं केलं नाही. आज ऐकलं मी ते."